जोड मातीच्या वर

"वाढणार नाही असं एखादं झाड सांग ना, ताई," धाकटा भाऊ फोनवर म्हणाला. हे वाक्य दिवसातून इतक्या लोकांच्या तोंडून ऐकते मी, की माझं उत्तर आपोआपच सुरू झालं: जागा केवढी, ऊन कुठल्या वेळचं, भिंत कुठल्या बाजूला. "जागा म्हणजे आपलंच अंगण गं," तो म्हणाला. "म्हणजे जे उरेल ते. गाडीसाठी शेड घालतोय ना. उद्या माणसं येतील साफ करायला. मग कोपऱ्यात काहीतरी आटोपशीर हवंय, बरं दिसेल असं. येताना घेऊनच ये." मी बरं म्हणाले. बरं म्हणायची सवय इतकी अंगवळणी पडलीय की शब्द आधी बाहेर पडतो आणि डोकं मागून येतं. फोन ठेवला, समोरच्या गिऱ्हाइकाला बुटक्या लिंबाची कुंडी उचलून दाखवली, ती परत जागेवर ठेवली आणि तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की आपल्या अंगणात झाड आहे. भिंतीच्या वर गेलेलं सफरचंदाचं मोठं झाड. त्याच्याशिवाय त्या अंगणात दुसरं काहीच नाही. साफ करायचं म्हणजे तेच साफ करायचं. आणि हे त्यानं मला सरळ सांगितलंही नव्हतं. मी ते समजून घ्यायचं होतं, आणि समजून घेऊन वर त्याच्या जागी दुसरं झाडही न्यायचं होतं.

रोपवाटिकेत माझं काम हेच. लोकांची अंगणं आता एवढीएवढीशी झाली आहेत, कुणाचं दोन भिंतींच्या बेचक्यात, कुणाचं जिन्याखाली, कुणाचं नुसतं पायपुसण्याएवढं. त्यांना झाड हवं असतं पण झाडाची कटकट नको असते. पानं पडायला नकोत, मुळं पसरायला नकोत, पाखरं यायला नकोत, शेजाऱ्याच्या हद्दीत फांदी जायला नको, आणि फुलं मात्र भरपूर हवीत. सगळे शेवटी एकच विचारतात, किती वाढेल? मी हात डोक्याच्या थोडा वर धरते आणि म्हणते, एवढं. दाराच्या चौकटीच्या वर जाणार नाही. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं ते बघून पूर्वी मला बरं वाटायचं. हल्ली डोक्यात तिडीक जाते. मग मी त्यांना कलमाचा जोड दाखवते. खाली बुटक्या जातीचा खुंट, त्यावर बांधलेली चांगल्या फळाची काडी, आणि दोन्ही जिथं एकजीव झाली तिथं खोडावर एक गाठ. "ही गाठ मातीच्या वर राहिली पाहिजे," मी सांगते. "चार बोटं वर, कायमची. ती मातीखाली गेली की वरचं झाड स्वतःची मुळं सोडतं. मग खालच्या खुंटाचं त्याच्यापुढं काही चालत नाही, झाड मनाला येईल तेवढं वाढतं." शेवटचं वाक्य ऐकून लोक दचकतात. मनाला येईल तेवढं म्हणजे काय भयंकर गोष्ट. खोडाला हात लावून ते गाठ चाचपून बघतात, आणि मी हसून म्हणते, काळजी करू नका.

मालकांनी रोप स्वतः निवडून दिलं. सफरचंदाचंच, बुटक्या खुंटावरचं. जोड कसा स्वच्छ भरलाय बघा म्हणाले, घरच्यांना द्यायचं तर चांगलं द्यावं. मला तेव्हाही नको म्हणता आलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन मी बसमध्ये बसले, आणि पानं माझ्या हनुवटीला लागत राहिली. कुणी अजून जिवंत असताना त्याच्या जागी येणाऱ्याला कडेवर घेऊन त्याच्या दारात जावं, तसं चाललं होतं माझं. शेजारच्या बाईनं एक पान बोटानं उचलून बघितलं आणि विचारलं, "किती वाढतं हो हे?" मी म्हणाले, "नका विचारू." ती तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत बसली. एरवी मी माफी मागितली असती. आज नाही मागितली, आणि ती दुखावली ह्याचंही मला काही वाटलं नाही. राग कुणाचा आला होता ते नीट कळत नव्हतं. धाकट्याचा होता, पण त्याच्यापाशी थांबत नव्हता, मागे मागे जात होता. आमचं ते घर तसं लहान नव्हतं. अंगणाकडे खिडकी असलेली पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, मागं अडगळीची खोली, आणि ह्या सगळ्यांमधून जाणारा एक अरुंद बोळ. धाकट्याला अभ्यासाला शांतता लागते म्हणून मधली खोली त्याची. मी बोळात. माझी खाट पसरली की येणाराजाणारा आडवा होऊन चालायचा, म्हणून सकाळी उठल्याबरोबर ती भिंतीला उभी करून ठेवायची. "हिचं बरं आहे," बाबा पाहुण्यांना सांगत, "ही कुठंही मावते." पाहुणे कौतुकानं माझ्याकडे बघत आणि मी खूश होत असे. त्या खुशीची आठवण झाली की आजही कानशिलं तापतात. पुढं नोकरी लागली तिथं टेबल मिळालं दाराआड, दार उघडलं की पाठीला लागायचं. भाड्याच्या घरात राहते तिथली मालकीणबाई म्हणते, तुमच्यासारखी भाडेकरू मिळायला भाग्य लागतं, आहात की नाही तेच कळत नाही. माझ्या गॅलरीत एकही कुंडी नाही.

बाबा नकाशे काढायचे, लोकांच्या घरांचे. नकाशात जिथं झाड दाखवायचं तिथं ते एक नाणं ठेवत आणि त्याच्याभोवती पेन्सिल फिरवत. झाड म्हणजे तेवढा गोल. आमच्या अंगणाचाही त्यांनी नकाशा काढला होता, त्यातही खिडकीसमोर तोच गोल. आधी त्यांनी अंगणाची भिंत पुरुषभर उंच करून घेतली, रस्त्यावरून जाणाऱ्यांना घरातलं दिसू नये म्हणून, आणि मग गोलाच्या जागी बुटकं सफरचंद लावून घेतलं. रोपवाला माणूस घरी येऊन लावून गेला होता, आईनं त्याला पाणी दिलेलं मला आठवतं. सुट्टीच्या दिवशी बाबा खुरपं घेऊन झाडाखाली बसायचे, बुंध्याजवळची माती मागं सारायचे आणि पुटपुटायचे. कारण आई आठवडाभर तिथं काहीबाही टाकायची. चहाचा चोथा, भाजीची देठं, अंगण झाडून निघालेली धूळ. "अगं, तो जोड झाकायचा नाही, कितीदा सांगायचं," बाबा म्हणायचे. आई म्हणायची, हो. पुढच्या सुट्टीला माती पुन्हा जागच्या जागी. मग बाबांची वर्षभरासाठी दुसऱ्या गावी बदली झाली. परत आले तेव्हा झाड भिंतीच्या वर डोकं काढून उभं होतं. त्यांनी हातातली बॅगसुद्धा आत नेली नाही, तिथंच बसून माती उकरली. जोडाच्या वरून बोटाएवढी जाड मुळं सुटून खाली गेली होती, आणि जुना खुंट नुसता नावाला उरला होता. ती मुळं तोडली असती तर झाडच गेलं असतं, आणि पैसे देऊन आणलेली वस्तू फुकट घालवणं बाबांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी खुरपं भिंतीवर फेकलं. "एक गाठ उघडी ठेवता येत नाही ह्या बाईला," ते म्हणाले. पुढं त्याचाच विनोद झाला. घरी कुणीही आलं की बाबा खिडकीतून बोट दाखवायचे: आमच्या हिला सांगितलं झाड बुटकं ठेव, हिनं बघा काय करून ठेवलंय. लोक हसायचे. चहाचा ट्रे घेऊन आई तिथंच उभी असायची आणि तीही हसायची.

मी पोचले तेव्हा दार धाकट्यानंच उघडलं. पिशवीत डोकावून म्हणाला, "वा, एकदम फस्क्लास." त्याची बायको कामावरून यायची होती. पुढच्या खोलीत मी आईला हाक मारली तर तिथं आई नव्हती. तिची खाटही नव्हती. खाटेच्या पायांचे चार ठसे फरशीवर होते, आणि खिडकीत तिचा चष्म्याचा डबा तेवढा राहून गेला होता. "आईला मागं हलवलंय," तो म्हणाला, "इथं उद्या धूळ, आवाज. आणि नंतर शेडमुळं ह्या खोलीत अंधारच येणार. मागची खोली तिला बरी पडेल, बाथरूम जवळ. तिला काय लागतं गं, एक खाट आणि एक कपाट. मावते ती." तो शब्द त्यानं असा सहज वापरला की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी बोळातून मागं गेले. माझी खाट उभी करून भिंतीला जिथं काळपट डाग पडला होता तो अजून तिथंच होता, रंगाच्या दोन हातांखालून वर आलेला. अडगळीच्या खोलीत, इस्त्रीचं टेबल आणि दोन सुटकेसींच्या मध्ये, आई खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. वर छताशी हवेसाठी एक झरोका, त्यातून समोरच्या इमारतीचा पाइप दिसत होता. "आलीस?" ती म्हणाली. "चहा घेतलास का?" मी म्हणाले, "तुला विचारलं होतं का त्यानं?" आई म्हणाली, "सांगितलं होतं."

धाकटा मला हाताला धरून अंगणात घेऊन गेला. त्याला माझ्याकडून रोप नको होतं, रोप हे निमित्त. आईनं झाडाबद्दल काल एकच वाक्य उच्चारलं होतं, राहू दे रे ते. तेवढ्यानं तो अडला होता. मनातून तो वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं. त्याला सगळं सगळ्यांच्या संमतीनं करायचं असतं, म्हणजे नंतर कुणी काही बोलायला नको. "तुझं ऐकेल ती," तो म्हणाला. "तू ह्या लाइनमधली आहेस. तू फक्त सांग की झाड धोक्याचं आहे. भिंतीला तडा गेलाय बघ, मुळांनी. उद्या कुणाच्या अंगावर पडली म्हणजे?" मी तडा बघितला. बोट घातलं तर बोटाला ओल लागली, आतलं प्लास्टर भिजलेल्या बिस्किटासारखं सुटून हातात आलं. भिंत घराला मिळते तिथं वर गच्चीचा पाइप होता, सांध्यातून गळत होता, भिंतीवर शेवाळाची पट्टी थेट तड्यापर्यंत आली होती. झाड तिथून लांब, अंगणाच्या दुसऱ्या अंगाला. मी खाली बसून बुंधा बघितला. कीड नाही, पोकळी नाही, सालीवर म्हातारपण होतं तेवढंच. "पाइप गळतोय तुझा," मी म्हणाले. "झाडाचा काही संबंध नाही." तो म्हणाला, "ते मलाही माहीत आहे गं." एवढं सहज म्हणाला. "पण आईला नाही ना माहीत. तू लोकांना रोज झाडं सुचवतेस, तुला काय जड आहे एक वाक्य बोलायला?"

तिथं मला खरा राग आला. धाकट्याचा आला, आणि त्याहून माझा आला. कारण त्याचं बरोबर होतं, मला जड नव्हतं. अशी वाक्यं बोलण्यावर माझं पोट चालतं. किती घरांत मी जाऊन उभी राहिले आहे, वर बघून मान हलवली आहे, आणि म्हटलं आहे की एवढ्या अंगणाला हे झाड जास्तच होतं, ह्याच्या जागी काहीतरी आटोपशीर बघू. जास्त होतं म्हणजे कुणाला जास्त होतं? गाडीला. फरशीला. ज्यांना खिडकीत बसून दुसरं काही बघायचंच नसतं त्यांना. त्या घरांतही मागच्या खोलीत कुणीतरी पाय वर घेऊन बसलेलं असणार, मी कधी आत जाऊन बघितलं नाही. मी बुंध्याला टेकून तशीच बसून राहिले. धाकट्याला वाटलं मी विचार करते आहे, माझं मन वळतंय. तो आत जाऊन आईला हाताला धरून घेऊन आला, खुर्ची आणून तिला बसवलं, तिच्यासाठी चहाही केला. हे सगळं त्यानं प्रेमानं केलं. मग मला डोळ्यांनी खूण केली, बोल. मी बोलले नाही, तेव्हा त्यानंच सुरुवात केली, हसत हसत, बाबांच्याच आवाजात. "अगं आई, चूक तर मुळात तुझीच ना. बाबांनी बिचाऱ्यांनी बुटकं झाड आणलं होतं. तुला एक गाठ उघडी ठेवता आली नाही. तेव्हा नीट लक्ष दिलं असतंस तर आज तोडायची वेळच आली नसती."

"चूक नव्हती ती," आई म्हणाली. कपातल्या चहावर फुंकर घालत म्हणाली, त्यामुळं धाकट्याला नीट ऐकू गेलं नसावं. तो म्हणाला, "काय?" आईनं कप खाली ठेवला. "ज्यानं झाड लावून दिलं ना, त्याला मी विचारलं होतं, हे एवढंच राहणार का. तो म्हणाला, जोड उघडा ठेवलात तर एवढंच राहील, झाकलात तर भिंतीच्या वर जाईल. म्हटलं, बरं झालं सांगितलंस." धाकटा हसायला लागला आणि मधेच थांबला. "म्हणजे मुद्दाम?" आई म्हणाली, "हे उकरायचे, मी झाकायची. हे वर्षभर गेले तेव्हा घमेली भरभरून माती आणून टाकली." "पण कशासाठी?" तो म्हणाला. आईनं भिंतीकडे बोट केलं. "ह्यांनी भिंत उंच केली आणि मला दिवसभर काही दिसेनासं झालं. तुम्ही शाळेत, हे कचेरीत. म्हटलं, मला बाहेरचं दिसत नाही तर निदान बाहेरच्यांना इथलं काहीतरी दिसू दे." मग ती माझ्याकडे वळून बोलायला लागली. "फांदी रस्त्यावर गेली ना, त्याच्या पुढच्या बहराला फळं तिकडं पडायला लागली. एक बाई जायची संध्याकाळची, कामावरून परत. उचलायची आणि भिंतीपलीकडून म्हणायची, घेतलं हो एक. मी म्हणायची, घ्या की. आंबट आहे म्हणायची, मी म्हणायची, मीठ लावा. बरीच वर्षं चाललं. तिचं तोंड मी कधी पाहिलं नाही. पण दिवसभरात माझ्याशी कुणी बोललं तर ती."

माझ्या डोळ्यांसमोर चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली आई आली, पाहुण्यांबरोबर हसणारी, आणि ती कशाला हसत होती ते आत्ता कळलं. कळून बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. बाबांचा आला, ते गेलेले असले तरी आला. एवढी वर्षं ह्या बाईला अडाणी ठरवलं, आमच्यासमोर, आमच्याकडूनही. आणि आईचाही आला. "तू बोलली का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच. "एकदा तरी तोंडावर सांगायचं होतंस त्यांच्या, मुद्दाम केलंय म्हणून. मला तरी सांगायचंस. मी बोळात झोपत होते गं. मला वाटायचं ह्या घरात गप्प बसणं हीच रीत आहे. मी तुझं बघून शिकले." आई म्हणाली, "बोलले असते तर त्यांनी रोज उकरली असती माती. चूक म्हणून सोडून दिली, म्हणून झाड राहिलं." आणि मग, "तू बोळात झोपायचीस ते मला आवडत नव्हतं. पण तिथं मला काही करता आलं नाही." एवढंच. तिनं माझी समजूत काढली नाही आणि मी तिची काढली नाही.

मी उठले, आत गेले आणि मागच्या खोलीतली खाट ओढायला लागले. लोखंडी खाट, फरशीवर तिचा कर्कश आवाज घरभर झाला. बोळाच्या वळणावर ती अडकली. मला माहीत होतं ती कशी काढायची, आधी आडवी पाडायची, मग डोक्याकडची बाजू वर करून फिरवायची. हे मी लहानपणी रोज केलेलं आहे. धाकटा येऊन मधे उभा राहिला. "ताई, तमाशा करू नकोस. माणसं सांगून ठेवलीत मी उद्याची." मी म्हणाले, "मग नको म्हणून सांग त्यांना." तो म्हणाला, "आणि गाडी?" मी म्हणाले, "गाडीला आजवर रस्त्यावर काय झालं?" तो म्हणाला, "तू नाही राहत इथं. सगळं मी बघतो." हे खरं होतं, आणि एरवी ह्याच वाक्यानं मी गप्प झाले असते. मी म्हणाले, "आजपासून राहते. मला जागा किती लागते तुला माहीतच आहे. बाजूला हो." तो झाला. त्याला वाटलं असावं की मी रडेन, आणि मी रडले नाही ह्याची त्याला भीती वाटली. खाटेचे पाय मी फरशीवरच्या ठशांवर नेऊन बसवले. दुसऱ्या खोलीतून त्याचा फोनवरचा आवाज आला, उद्या नका येऊ, हो, नंतर कळवतो, सध्या नको. आई दारात उभी होती. "सध्या म्हणाला," ती म्हणाली. मी म्हणाले, "ऐकलं मी."

अंगणात अजून उजेड होता. रोपाची पिशवी भिंतीशी कलंडून पडली होती. ते तसंच परत न्यावं आणि मालकांना सांगावं, घरी पसंत पडलं नाही, असं एकदा मनात आलं. पण त्याचा तरी काय दोष होता? आई म्हणाली, "आणलंयस तर लाव. पिशवीत किती दिवस राहणार ते." तिनं खुरपं आणून दिलं, तेच, मूठ बदललेलं. मी फाटकापासून आत आले, नजरेनं अंदाज घेतला आणि जिथं गाडीची चाकं आली असती त्याच्या बरोबर मधे बसकण मारली. माती कडक होती. खणताना राग हातातून जात होता, तरी संपत नव्हता, आणि संपू नये असंच वाटत होतं. पिशवी फाडून मी रोप खड्ड्यात ठेवलं. सवयीनं चार बोटं जोडाखाली गेली. चार बोटं वर, कायमची. मी रोप बाहेर काढलं आणि खड्डा अजून खणला, पार कोपर आत जाईपर्यंत. परत ठेवलं, तेव्हा गाठ खाली अंधारात गेली, दिसेनाशी झाली. मी माती लोटली, हातानं दाबली, पायानं दाबली. आई काठी टेकत आली आणि गाळणीतला चहाचा चोथा तिनं बुंध्याशी आपटून झाडला.

धाकटा खिडकीत येऊन उभा राहिला होता. आईच्या खाटेला गुडघे टेकून, तिच्याच खिडकीत. बराच वेळ बघत होता.

"ताई," त्यानं विचारलं, "ते किती वाढेल?"

माझा हात आपोआप डोक्याच्या वर गेला. मी तो खाली घेतला आणि साडीला पुसला.

"आता नाही सांगता येणार," मी म्हणाले.